पहाटे ४:५७

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात डेटाबेस बसवायला जाणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : 'चालू तर झालंय शेठ, बाकीचं पुढचं पुढे बघू.' मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, कुठल्याही कंपाउंडमध्ये जा. गाळ्याच्या माळ्यावर पत्र्याची केबिन, केबिनच्या कोपऱ्यात टॉवर सर्व्हर, त्याच्या जाळीवर धुळीचा आणि कापडाच्या तंतूंचा थर, शेजारी कुरकुरणारा यूपीएस. मालाची आवक-जावक सांभाळणारं सॉफ्टवेअर चढवायचं तर आधी डेटाबेस हवा, आणि डेटाबेसचा इन्स्टॉलर आत पाऊल टाकण्यापूर्वी यंत्राची झडती घेतो. रॅम किती, डिस्क किती, विंडोज कुठली, मागच्या अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलंय का. मग समोर यादी येते : हिरव्या खुणा, पिवळे त्रिकोण, एखादी लाल फुली. ऑरॅकलच्या इन्स्टॉलरमध्ये तर या सगळ्याकडे दुर्लक्ष करण्यासाठी वेगळा चौकोनच दिलेला आहे. खाली ट्रक लागलेला असतो, मुकादम ओरडत असतो. त्या चौकोनात टिक केली की काम पुढे सरकतं.

हे 'पुढचं पुढे' प्रत्यक्ष कसं येतं, याचा तासातासाचा हिशेब लोकांपुढे मांडणाऱ्या कंपन्या फार थोड्या. गिटलॅब ही त्यांपैकी एक. युक्रेनच्या दिमित्रो झापोरोझेत्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ती उभी राहिली. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिच्याकडे ठेवतात. कंपनीची माणसं देशोदेशी आपापल्या घरून काम करतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा मुख्य डेटाबेस गेला. कंपनीने काय झालं, कधी झालं, कोणत्या आज्ञेने झालं, हे सगळं जाहीर केलं. त्यांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. इथे त्या साडेपाच तास पुढे सरकवून आपल्या घड्याळात आणल्या आहेत. त्यामुळे घटना येते ती १ फेब्रुवारीच्या पहाटे. रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प मोडीत काढून अरुण जेटली यांनी पहिल्यांदाच फेब्रुवारीच्या एक तारखेला अर्थसंकल्प मांडला, तोच हा बुधवार.

साधारण एक वर्ष आधी

गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स कनेक्शन्स' या ओळीपुढे ८००० हा आकडा घातला गेला. एका वेळी किती जणांना डेटाबेसशी जोडून घ्यायचं, त्याची ही कमाल मर्यादा. गिटलॅब वापरत असलेला पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात येतो तो १०० वर. ८००० म्हणजे अवाच्या सवा. पण कोणाचं काही अडलं नाही आणि आकडा तसाच राहिला.

मेख अशी, की पोस्टग्रेस सुरू होतानाच या आकड्याइतकी तजवीज करून ठेवतो. थांबलेल्या प्रोसेसला तिची पाळी आली की जागं करायचं असतं, आणि त्यासाठी तो लिनक्सकडून सेमाफोर मागून घेतो. गिटलॅबकडे तेव्हा पोस्टग्रेस ९.६ होता. त्या काळच्या आवृत्त्या दर १६ कनेक्शनांमागे १७ सेमाफोरांचा एक संच मागत. ८००० कनेक्शनांसाठी ५०० हून जास्त संच झाले. किती संच द्यायचे याला लिनक्सचीही मर्यादा असते. कित्येक यंत्रांवर ती वर्षानुवर्षं १२८ होती, म्हणजे जेमतेम २००० कनेक्शनांपुरती. ती वाढवता येते, आणि ती वाढवावी लागेल हे पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकात सूत्रासकट लिहिलेलंही आहे. पण मागणी आणि पुरवठा यांचा ताळा डेटाबेस सुरू होताना एकदाच घातला जातो. नंतर चालू डेटाबेस पुन्हा मोजत बसत नाही.

गोदामांत याचा जुळा भाऊ भेटतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती इथे सर्रास बसवतात. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिची अट होती : एका डेटाबेसला १० जीबी, त्यापुढे नाही. बसवण्याच्या दिवशी डेटाबेस रिकामा असतो, त्यामुळे अट कोणाला बोचत नाही. दोन-तीन दिवाळ्या जातात, चलनांचा ढीग साठतो आणि ऐन हंगामातल्या एका दुपारी नवी नोंद घ्यायला डेटाबेस नकार देतो. त्या वेळी फोन जातो तो मात्र 'व्हायरस आलाय' म्हणून.

दर चोवीस तासांनी एकदा

गिटलॅबच्या बॅकअपची मुख्य भिस्त होती पीजी-डंप या अवजारावर. दिवसातून एकदा ते संपूर्ण डेटाबेस फाइलमध्ये उतरवून अमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ठेवणार, अशी योजना. पीजी-डंपची एक आवश्यकता आहे आणि तिच्यात तडजोड नाही : डेटाबेसची मुख्य आवृत्ती आपल्यापेक्षा नवी असेल तर ते काम करत नाही. दोन्ही आवृत्त्यांचे आकडे छापतं, आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून थांबत आहे असं सांगतं आणि बाहेर पडतं.

गिटलॅबच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसच्या ९.२ आणि ९.६ अशा दोन्ही आवृत्त्या होत्या. कुठली वापरायची हे पॅकेज कसं ठरवणार? डेटाबेसच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेली एक छोटी फाइल असते, ती वाचून. ९.६ दिसलं तर ९.६, नाहीतर ९.२. पण पीजी-डंप चालवलं जात होतं ते डेटाबेसच्या यंत्रावर नव्हे, वेगळ्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर. तिथे डेटाबेसच नाही, म्हणून ते फोल्डर नाही, म्हणून ती फाइल नाही. पॅकेजने ९.२ धरलं. ९.२ च्या अवजाराने ९.६ चा डेटाबेस बघितला, स्वच्छ शब्दांत नकार दिला आणि बॅकअप न घेता थांबलं.

हा नकार ईमेलने कळवण्याची व्यवस्था होती. पण डीमार्क नावाची ईमेलच्या अस्सलपणाची तपासणी कंपनीने लागू केली होती आणि या स्वयंचलित मेलांना ती जोडायची राहिली होती. घेणाऱ्या सर्व्हरने मेल नकली समजून परतवून लावले.

या अपघाताबद्दल लिहिताना बहुतेकांची नजर पहाटे पाचच्या सुमाराला डेटाबेस पुसणाऱ्या आज्ञेवर खिळते. माझ्या मते मोठी चूक इथे आहे. इन्स्टॉलरची लाल फुली निदान माणसासमोर येते, त्याला चिडवते, बटण दाबायला लावते. इथे यंत्राने आवश्यकता तपासली, त्रुटी पकडली, नेमकं कारण लिहिलं, आणि ते वाचायला कोणीच नव्हतं.

३१ जानेवारी, रात्री १०:५० : सहा तास उरले

एका अभियंत्याला चाचणीच्या सर्व्हरांवर प्रयोग करायचा होता : पीजीपूल नावाचं साधन वापरून डेटाबेसवरचा भार अनेक यंत्रांत वाटता येतो का, ते बघणं. प्रयोगासाठी ताजा डेटा हवा. मुख्य डेटाबेसची एक प्रत रोज सकाळी साडेसहाला आपोआप निघून चाचणीच्या यंत्रावर जात असे. ती जवळजवळ सोळा तास जुनी झाली होती, म्हणून त्याने हाताने नवी प्रत काढली आणि चाचणीच्या यंत्रावर चढवली.

बॅकअपचा त्यात विचारही नव्हता.

मध्यरात्री १२:३० : साडेचार तास

डेटाबेसवरचा भार वाढू लागला. प्राथमिक संशय स्पॅम टाकणाऱ्यांवर गेला. लोकांना टिप्पण्या टाकता येईनात. पुढे उघड झालं, की भाराचा एक भाग घरचाच होता : कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याची कोणीतरी गैरवापराची तक्रार केली होती, ते खातं चुकून काढून टाकायच्या रांगेत लागलं होतं, आणि त्याच्याशी जोडलेला सगळा डेटा पुसत एक काम मागे चालू होतं. भार आटोक्यात आणण्यात कित्येक तास गेले.

अभियंता नेदरलँड्समध्ये होता. तिकडे रात्रीचे अकरा, म्हणजे आपले साडेतीन वाजायच्या सुमारास तो काम थांबवणार होता. तसं त्याने सोबत्यांना सांगितलंही होतं. भिवंडीत हीच माल भरण्याची वेळ. ठाण्यातून अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असल्याने गाड्या रात्रीच काढाव्या लागतात, आणि गोदामातल्या यंत्रांची दुरुस्तीही मग त्याच वेळेला होते, अर्धवट झोपेतल्या माणसाकडून.

पहाटे ४:३० : अर्धा तास

गिटलॅबकडे डेटाबेसची दोन यंत्रं होती. एक मुख्य, दुसरं जोडीचं : मुख्यात होणारा प्रत्येक बदल आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि मुख्य पडलं तर त्याची जागा घ्यायची. भारामुळे जोडीचं यंत्र मागे पडलं. त्याला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदवह्या मुख्य यंत्राने तोवर पुसून टाकल्या होत्या आणि त्या वेगळ्या जपून ठेवायची सोय चालू केलेली नव्हती. आता एकच मार्ग : जोडीच्या यंत्रावरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं आणि पीजी-बेसबॅकअप या आज्ञेने सगळा डेटाबेस मुख्यावरून नव्याने उतरवायचा.

फोल्डर रिकामं केलं. आज्ञा दिली. आज्ञा गप्प. काय चाललंय ते बोलून दाखव, असा पर्याय लावला तरी गप्प. काही प्रयत्नांनंतर एक कारण मिळालं : प्रत उतरवण्यासाठी मुख्य यंत्राने राखलेल्या जोडण्या अपुऱ्या आहेत. तो आकडा ३ होता, तो ३२ केला. असा बदल लागू करायचा तर मुख्य डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो.

रीस्टार्ट होईना. पोस्टग्रेसची तक्रार : सेमाफोर फार होतायत. वर्षभर झोपलेला ८००० चा आकडा इथे जागा झाला.

अशा वेळी पोस्टग्रेस जो संदेश देतो, तो या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी नीट वाचावा. सेमाफोर तयार करता आले नाहीत, एवढं सांगून पुढे लिनक्सने दिलेलं कारण जसंच्या तसं येतं : उपकरणावर जागा उरलेली नाही. आणि त्याखाली पोस्टग्रेसच्या लेखकांनी एक सूचना जोडली आहे, की या त्रुटीचा अर्थ डिस्क भरली असा नाही. संचांची मर्यादा संपली आहे, लिनक्सची ती मर्यादा वाढवा किंवा कनेक्शनं कमी करा. ही सूचना त्यांना मुद्दाम लिहावी लागली, कारण 'जागा नाही' वाचलं की माणूस पुढचं वाचत नाही. तो जागा करायला निघतो. जुने लॉग उडवतो, जुन्या बॅकअप फाइली उडवतो, 'ही फाइल कसली आहे कोण जाणे' म्हणत तीही उडवतो. भिवंडीतल्या एखाद्या माळ्यावर रात्री दोन वाजता असं घडलं असेल यावर विश्वास ठेवायला मला पुरावा लागणार नाही.

गिटलॅबच्या अभियंत्याने तसं केलं नाही. त्याने तक्रार नीट वाचली, ८००० चे २००० केले, डेटाबेस पहिल्या फटक्यात उठला. त्या रात्रीचं सर्वांत चोख काम हेच, आणि त्याबद्दल कोणी त्याचं नाव घेत नाही.

(पोस्टग्रेसची दहावी आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरात आली. तिने लिनक्सवर दुसऱ्या प्रकारचे सेमाफोर वापरायला घेतले आणि ही विशिष्ट डोकेदुखी जवळपास मिटली. आठ महिने उशिराने.)

पीजी-बेसबॅकअप मात्र अजूनही गप्प. एकाने ते आतून कुठे अडलंय हे बघण्याचं साधन लावलं. कळलं एवढंच, की ते कशाची तरी वाट बघतंय. खरं तर काहीही बिघडलेलं नव्हतं. मुख्य यंत्राकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत ही आज्ञा अशीच मुकाट बसून राहते. हे ठाऊक असलेला सहकारी त्या वेळी हजर नव्हता, कंपनीच्या कार्यपद्धतीत ते लिहिलेलं नव्हतं आणि आज्ञेच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हतं.

पहाटे ४:५७

अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत जोडीच्या यंत्रावर काही फाइली पडल्या असतील आणि फोल्डर पूर्ण रिकामं नाही म्हणून आज्ञा अडून बसली असेल. हा तर्क वेडगळ नव्हता; फोल्डर रिकामं असणं ही पीजी-बेसबॅकअपची खरोखरच अट आहे. फक्त ती मोडली तर आज्ञा गप्प बसत नाही, सरळ त्रुटी सांगते. तो फोल्डर पुसायला गेला.

समोर दोन टर्मिनल उघडे. एकात मुख्य यंत्र, दुसऱ्यात जोडीचं. दोन्ही काळ्या खिडक्या सारख्याच, दोन्हींतली अक्षरं सारखीच, नावांत फरक एका आकड्याचा : डीबी-१ आणि डीबी-२. पुसण्याची आज्ञा त्याने दिली ती डीबी-१ वर. आज्ञा विचारत नाही, 'नक्की ना?' म्हणत नाही. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती तोडली. साधारण ३१० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते.

जोडीचं यंत्र त्याने स्वतःच काही मिनिटांपूर्वी रिकामं केलं होतं. म्हणजे या क्षणी मुख्य डेटाबेस नाही आणि त्याची जोडही नाही.

पहाटे ५ ते ६

बॅकअपची शोधाशोध. एस-थ्रीची साठवण रिकामी; ९.२ आणि ९.६ ची कथा लोकांना कळली ती इथे. गिटलॅब तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर होतं. अझूर संपूर्ण डिस्कची प्रत ठेवू शकतं. ती सोय फाइली साठवणाऱ्या यंत्रांना लावलेली होती, डेटाबेसच्या यंत्रांना नाही. कंपनीने त्याच दिवशी लिहून टाकलं, की बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही धडपणे चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती.

राहिली होती एकच गोष्ट : रात्री १०:५० ला प्रयोगासाठी काढलेली प्रत. ती नसती तर आदल्या सकाळी साडेसहाच्या प्रतीवर जावं लागलं असतं आणि जवळजवळ एक अख्खा दिवस गेला असता. सहा-साडेसहा तासांवर निभावलं, ते पीजीपूलचा प्रयोग करायची एकाला हुक्की आली म्हणून. व्यवस्थेच्या खात्यावर याचं श्रेय टाकता येत नाही.

सकाळी ६ पासून दिवसभर

आता ती प्रत चाचणीच्या यंत्रावरून मुख्य यंत्रावर न्यायची. इथे आणखी एक आवश्यकता आडवी आली, जिच्याकडे कोणी कधी आवश्यकता म्हणून पाहिलंच नव्हतं. चाचणीची यंत्रं स्वस्तातली, संथ डिस्कवाली. त्यांच्यातून डेटा बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास. चाचणी करायला हे पुरेसं. ३०० जीबी उपसायला नाही. काम अठरा तासांच्या घरात गेलं. दिल्लीत अकरा वाजता अर्थसंकल्प सुरू झाला, संपला, त्यावरच्या चर्चा झाल्या, आणि इकडे प्रत सरकतच होती.

गिटलॅबने आपली कामाची टिपणं लोकांना वाचायला खुली केली आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं. हजारो लोक, बहुतेक याच धंद्यातले, दुसऱ्याचा डेटाबेस परत चढताना बघत बसले. कंपनीवर टीका झाली ती झालीच, पण आपल्याकडे एखाद्या बँकेची वा सरकारी खात्याची यंत्रणा कोलमडली की 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांवर बोळवण होते; त्यापुढे हे फारच वेगळं दिसतं. तो तपशील खुला नसता तर हा मजकूर लिहिता आला नसता.

रात्री १०:३०

डेटाबेस परत आला. वेबहुक, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरना आपोआप कळवण्याच्या जोडण्या, चाचणीच्या प्रतीतून काढलेल्या होत्या. त्या भरायला आणखी वेळ लागला.

रात्री ११:३०

सेवा पूर्ववत. आदल्या रात्रीच्या १०:५० पासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच : कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५००० प्रकल्प, ५००० टिप्पण्या, ७०० नवी खाती. लोकांचा कोड वेगळ्या यंत्रांवर होता, तो वाचला.

सेवा उघडण्याआधी त्यांनी एक काम केलं, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. डेटाबेसमधली प्रत्येक नोंद क्रमांक घेऊन येते. जुनी प्रत चढवली की क्रमांकही मागे जातो. गेलेल्या सहा तासांत वाटले गेलेले क्रमांक नव्या नोंदींना पुन्हा मिळू लागतात. बाहेर कोणाकडे जुन्या क्रमांकाचा दुवा असेल, तर तो आता परक्याच्या नोंदीवर उघडेल. म्हणून त्यांनी सगळे क्रमांक एकदम १,००,००० ने पुढे ढकलले. गोदामवाल्याला याचं मोल लगेच कळेल. चलन क्रमांक ४५१२ चा माल काल नाशिकला गेला, ड्रायव्हरकडे कागद आहे, पार्टीकडे कागद आहे. आज जुना बॅकअप चढवला आणि ४५१२ च्याच नावाने दुसरा माल सुरतेला निघाला. हा घोळ निस्तरायला महिना पुरत नाही.

त्यानंतर

गिटलॅबने टर्मिनलमध्ये यंत्राचं पूर्ण नाव आणि रंग दिसेल असं करायचं ठरवलं : खरं यंत्र लाल, चाचणीचं पिवळं. बॅकअप नुसता घेऊन न थांबता तो परत चढवून बघण्याची आपोआप तपासणी बसवायला घेतली.

भिवंडीत त्याच वर्षीच्या जुलैत जीएसटी आला. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलेला हा पट्टा त्यानंतर आणखी फुगला. राज्याराज्यातली छोटी गोदामं आवरून कंपन्यांनी इथे मोठी थाटली. प्रत्येकात सर्व्हर आला आणि प्रत्येक सर्व्हरवर ती लाल-पिवळी यादी कोणीतरी पुढे ढकलली. यादी खोटं बोलत नाही, पण कधीकधी तिरकं बोलते, आणि तिथेच कारागिराची परीक्षा. एसक्यूएल सर्व्हर 'मशीन रीस्टार्ट करा' म्हणून अडतो, तुम्ही रीस्टार्ट करता, तो पुन्हा तेच म्हणतो. कारण तो रीस्टार्ट मोजत नाही. पुढच्या रीस्टार्टला बदलायच्या फाइलींची एक नोंद रजिस्ट्रीत उरली आहे का, तेवढं बघतो, आणि एखादा प्रिंटरचा ड्रायव्हर ती नोंद दर वेळी परत लिहीत असतो. नोंद पुसून मोकळं होण्याआधी ती कोण लिहितंय ते शोधा. काही नव्या एनव्हीएमई डिस्क आपला सेक्टर चार केबीपेक्षा मोठा सांगतात. अशा डिस्कवर विंडोज ११ असेल तर एसक्यूएल सर्व्हर शेवटच्या टप्प्यापर्यंत बसतो आणि मग सुरूच होत नाही; समोर संदेश येतो तो भलताच, डिस्कचा त्यात उल्लेखही नाही. तीनदा काढून तीनदा बसवण्यात रात्र जाते. खरं कारण लॉगमध्ये असतं. 'सेटअप बूटस्ट्रॅप' या फोल्डरात 'समरी' नावाची साधी टेक्स्ट फाइल पडलेली असते, तिथून सुरुवात करा. आणि लिनक्सवर ऑरॅकल बसवताना स्वॅप कमी आहे असं तो म्हणाला, तर चौकोनात टिक न करता स्वॅप वाढवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हे वाचून झाल्यावर एक करा. तुमच्या बॅकअपच्या फोल्डरमधली सर्वांत ताजी फाइल उघडून तिची तारीख आणि आकार बघा. मग ती एखाद्या रिकाम्या मशीनवर चढवा, कालच्या शेवटच्या चलनाचा क्रमांक तिच्यात सापडतो का ते शोधा. सापडला नाही, तर उद्या सकाळी गाडी लागायच्या आत ज्याने सर्व्हर बसवला त्याला बोलवा, आणि पुढचं पुढे बघू म्हणाला तर जाऊ देऊ नका.